आईला देवगडहून अमेरिकेला पाठवतेय: लांबच्या विमानप्रवासात तब्येतीचं काय सांभाळायचं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. माझी आई ६८ वर्षांची. पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालीय, एकटीच. आजवरचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कोकणकन्येने मुंबई. विमान आतून पाहिलेलंच नाही.

बीपीची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे, शुगर दोन वर्षांपूर्वी निघाली (गोळ्यांवर आहे, इन्सुलिन नाही). डाव्या पोटरीवर निळ्या शिरा उमटून आल्यात, दिवसभर उभं राहिली की दुखतात. उंची ४ फूट ११ इंच.

बेत असा आहे: सकाळी देवगडहून गाडीने निघायचं, दहा तासांत मुंबई विमानतळ, तिथे चार तास, मग रात्रीचं न्यूअर्कचं थेट विमान, १५-१६ तासांचं. मावशी म्हणते, लाखो लोक जातात, तू उगाच जीव टांगणीला लावतेस. पण माझ्याच्याने झोपवत नाही. विमानात बसून पायात रक्ताची गाठ होते असं ऐकलंय. खरंच होते का? आणि आणखी कशाकशाची काळजी घ्यायची?

पोफळी
पाणी पीत राहायचं, पाय हलवायचे, बस्स. आमचे बाबा तीन वेळा जाऊन आले, काहीही झालं नाही. बिनधास्त पाठवा.

पडवीतला_दवाखाना
सुरंगी, मी कुडाळकडे प्रॅक्टिस करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम बरंचसं पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले जातात आणि शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. रहाटाचा पोहरा वर येतो तो कोणीतरी रहाट ओढतं म्हणून. माणूस गुडघे दुमडून तासन्‌तास बसला की ओढणारंच कोणी नाही. रक्त पोटरीच्या आतल्या शिरांत साचतं, संथ होतं, कधी गोठतं. ही गुठळी पायात राहिली तर पाय सुजतो, दुखतो. सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावरच्या संशोधनाचा पहिला टप्पा प्रसिद्ध केला. चार तासांपेक्षा जास्त प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो. तरी निरोगी माणसांत ६,००० जणांत साधारण एकालाच होतो, तेव्हा मावशीचं म्हणणं पूर्ण चूक नाही. पण त्याच अहवालात म्हटलंय की बस, रेल्वे, मोटार यांनी तितकाच वेळ बसून गेलात तरी धोका वाढतो. म्हणजे मुख्य दोष बसण्याचा आहे. लागोपाठ प्रवास झाले की तो आणखी वाढतो, आणि प्रवास संपल्यावरही काही आठवडे राहतो.

म्हणून तुमच्या पोस्टमध्ये मला विमान नंतर दिसलं. आधी दिसले ते गाडीतले दहा तास. आई विमानाच्या दारात पोचेल तेव्हा ती चौदा तास बसूनच असेल, आणि मग पुढचे सोळा. आधी हा बेत बदला.

दुसरं, उंची. १ मीटर ६० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या आणि १ मीटर ९० पेक्षा उंच माणसांना विमानात धोका जास्त दिसला. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते. आईच्या पायाखाली छोटी पिशवी ठेवा, पावलं टेकली पाहिजेत.

तांडेल७१
पोफळी, तुमच्या बाबांना काही झालं नाही हे देवाचं देणं, पण "बिनधास्त" म्हणू नका.

मी जहाजावर मोटरमन, म्हणजे इंजिनरूमचा कामगार. वय तेव्हा ३४, अंगात ताकद, व्यसन कसलं नाही. गुहागरहून रात्रीच्या बसने मुंबई, दिवसभर ऑफिसच्या बाकड्यावर कागदपत्रं, रात्री विमान, मधे सहा तास दुसऱ्या विमानतळावर खुर्चीत, पुन्हा विमान, ह्यूस्टन. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो. शेजारचे दोघे झोपलेले, त्यांना उठवायला संकोच वाटला, म्हणून तेरा तासांत एकदाच उठलो. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायलो नाही.

बोटीवर चढलो, तिसऱ्या दिवशी उजवी पोटरी दगडासारखी. वाटलं शिडी चढून चमक भरली असेल. आमच्या कुकने प्रेमाने तेल कोमट करून रगडून दिली. चौथ्या दिवशी पाय डाव्यापेक्षा दीडपट, गरम, लाल. कॅप्टनने रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि पुढच्या बंदरात मला उतरवलं. डॉपलर सोनोग्राफी केली तर गुडघ्याच्या वरपर्यंत गुठळी. पोटात इंजेक्शनं, मग सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. ते कॉन्ट्रॅक्ट गेलं. पाय अजून संध्याकाळी भरून येतो.

माझा धोका विमानात नाही, गुहागरच्या स्टँडवर सुरू झाला होता. डॉक्टरबाई म्हणतात ते मी अंगावर काढलंय.

पडवीतला_दवाखाना
तांडेल, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आपल्याकडे पाय दुखला की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते: प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर रगडू नका. गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी दाखवा. दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात, आणि "मी लांबचा प्रवास केलाय" हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

दोन्ही पाय सारखे सुजले, दुखत नाहीत, एक-दोन दिवसांत ओसरले, तर ती बहुतेक साधी सूज. तिला घाबरू नये.

जुनीपुराणी
विमानाशिवाय बसून गुठळी होते याचा दाखला ऐंशी वर्षांहून जुना आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले होत होते, तेव्हा लोक रात्र-रात्र निवाऱ्यात कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. खुर्चीची पुढची कड मांडीखाली दाबत राही. त्या काळात फुप्फुसात गुठळी जाऊन मेलेल्यांची संख्या एकदम वाढल्याचं कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. निवाऱ्यात आडवं होण्यासाठी फळ्या हव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. विमानप्रवासाशी हा आजार १९५४ मध्ये जोडला गेला. सुरंगीताईंच्या आईच्या गुडघ्यामागची खुर्चीची कड वाचली आणि हे आठवलं.

माडाखालची
आमच्या वाडीतले एक काका जायच्या आधी ॲस्पिरिन घेऊन गेले होते, कोणीतरी सांगितलं म्हणून. घ्यावी का आईने?

पडवीतला_दवाखाना
नाही. फक्त प्रवासासाठी म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये. शिरेतल्या गुठळीवर तिचा भरवसा नाही आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर चालू ठेवायची, ती गोष्ट वेगळी.

उपयोगी पडतात ते घट्ट मोजे. गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्याशी १५ ते ३० मिमी पाऱ्याचा दाब देणारे. चाचण्यांमध्ये मोजे घालणाऱ्यांत लक्षणं न देणाऱ्या गुठळ्या खूपच कमी आढळल्या, सूजही कमी. मात्र माप घेऊनच घ्या, सकाळी उठल्या उठल्या, घोटा आणि पोटरी दोन्हीचं. संध्याकाळी सुजल्या पायाचं माप चुकतं. गुडघ्यामागे वळी पडून राहिली तर ती दोरीसारखी आवळते, उलटंच होतं. आईला शुगर आहे, म्हणून आधी पावलांच्या नाड्या तपासून घ्या. धमन्यांत रक्त कमी येत असेल तर हे मोजे घालायचे नाहीत.

आधी गुठळी झालेली, कॅन्सर, नुकतंच ऑपरेशन, गरोदर, बाळंतीण, गर्भनिरोधक गोळ्या: यांपैकी काही असेल तर मोजे पुरतीलच असं नाही. कधीकधी इंजेक्शन द्यावं लागतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

घाटमाथा
मला वाटतं सगळे पायांमागेच लागलेत. खरा त्रास हवेचा. तीनशे माणसं एका नळीत, एकाला ताप असला की सगळ्यांना. मी गेल्या वर्षी येताना घरी ताप घेऊनच आलो.

कातळ
घाटमाथा, मी विमानांच्या देखभालीत १८ वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. केबिनमधली साधारण निम्मी हवा बाहेरची ताजी असते, उरलेली गाळून पुन्हा सोडतात. ज्या गाळणीतून ती जाते ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. तासाला वीस-तीस वेळा हवा बदलते. आपल्या एसटीत किंवा बंद एसी बसमध्ये असं काही नसतं. पण शेजारचा तुमच्या तोंडावर खोकला तर गाळणी काय करणार? आजूबाजूच्या दोन-तीन रांगांचा धोका राहतोच. शिवाय चढताना-उतरताना रांगेत, सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये, तिथेही लागण होते. मास्क आणि हात धुणं दोन्ही ठेवावं.

हवेची दुसरी बाजू कोणी बोललं नाही. विमान ३५-४० हजार फुटांवर असतं, पण आतला दाब ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढाच ठेवतात. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे देवगडच्या किनाऱ्यावर जन्म काढलेलं माणूस सोळा तास कळसूबाईपेक्षा उंच डोंगरावर बसलेलं असतं. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, त्याला जाणवत नाही. जुना दमा, फुप्फुसाचा आजार, हृदय कमजोर, रक्त खूपच कमी असेल तर जाणवतं. अशांनी आधी डॉक्टरांचं पत्र घ्यावं. ऑक्सिजन लागणार असेल तर कंपनीला आधी कळवावं लागतं.

दाब कमी झाला की पोटातला वायूही तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. आदल्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वाल नकोत! आणि ओलावा २० टक्क्यांच्या खाली जातो. कोकणच्या दमट हवेतल्या माणसाचे डोळे, नाक, घसा कोरडे पडतात. नाकात तेलाचं बोट फिरवा, डोळ्यांचे थेंब जवळ ठेवा.

आंबोळी
सर्दी असताना उडू नका हेही सांगा. माझ्या मुलाचा कान उतरताना असा दुखला की तो किंचाळत होता. तान्ह्या बाळाला उतरताना दूध पाजत राहावं, गिळण्याने कान मोकळा होतो. मोठ्यांनी गोळी चघळावी, नाक धरून हलकेच फुंकावं. आणि उतरायला लागल्यावर झोपायचं नाही, झोपेत गिळणं कमी होतं.

रापण
थोडं विषय सोडून, पण किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी. मी तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा करवतो. लोक सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारतात आणि दुपारी चिपी किंवा मोपाच्या विमानात बसायला पळतात. असं करू नका. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन अंगात मुरतो, वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो निघायच्या आत पुन्हा कमी दाबात गेलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे. एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस केलं असेल तर १८ तास विमान नको. आमच्याकडे येणाऱ्याला मी परतीचं तिकीट आधी विचारतो. काहीजण चिडतात, मी तरी विचारतो.

कातळ
रापण, प्रत्येक जण असं विचारेल तर बरं होईल. हे वेगळ्या धाग्यातही टाका.

गजालीवालो
सुरंगी, आवशीक सांग, खाजा आणि आगळ (कोकमाचो रस) मोठ्या बॅगेत घाल. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काय चलणा नाय. माझ्या आवशीचा आगळ मुंबैक काढून घेतल्यानी, ती अजून विसराक नाय!

आणि लोणचा-पापड वाटेत नको. खारट खाल्ल्यान पाय जास्तीच सुजतत.

बंदरावरचा
औषधांबद्दल माझी कळकळ ऐका. वडिलांचं इन्सुलिन आम्ही मोठ्या बॅगेत ठेवलं. बॅग दोन दिवस उशिरा आली. आणि वेळेत आली असती तरी उपयोग नव्हता, सामानाच्या कक्षात ते गोठून निकामी होऊ शकतं हे तिथल्या फार्मासिस्टने सांगितलं. ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिथे कोणाला कळत नाहीत. न्यू जर्सीकडे जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो. गोळी कोणत्या घड्याळाने घ्यायची हे निघण्याआधी विचारून कागदावर लिहून द्या. आमच्या आईला आता मी देशी वेळेचं जुनं मनगटी घड्याळच देतो, पोचेपर्यंत त्यावर चालायचं.

शेवरी
व्हीलचेअर मागवावी का? आमच्या घरी यावरून वाद झाला. भाऊ म्हणतो चालता येणाऱ्या माणसाला कशाला खुर्ची, उलट तेवढंच चालणं होईल.

माडाखालची
इंग्रजी येत नसलेल्या बाईला इमिग्रेशनच्या रांगेत एकटी सोडायची? माझ्या आईला खुर्ची ढकलणाऱ्या मुलाने हाताला धरून बहिणीपर्यंत पोचवलं. मी त्या मुलाला आजही दुवा देते.

पडवीतला_दवाखाना
दोघांचंही बरोबर. खुर्ची घ्या, पण गेटवर पोचल्यावर तिच्यातच बसून राहू नका. उठून फेऱ्या मारा.

झोपेच्या गोळीबद्दल कोणी विचारायच्या आत सांगते: नको. गोळीने किंवा दारूने माणूस आखडलेल्या अवस्थेत सहा-सात तास हलत नाही, आणि म्हातारं माणूस उठल्यावर तोल जाऊन पडतं.

दाभोळखाडी
मी कुवेतला असते. सुरंगी, बहिणीबद्दलही थोडं. बाळंतीण बाईला पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, प्रवास केला नाही तरी. आई तिथे गेल्यावर लाडाने तिला पलंगावरून उठूच देणार नाही, आपल्याकडे तसंच करतात. तिला घरात चालतं-फिरतं ठेवायला सांगा.

मी स्वतः सातव्या महिन्यात मुंबईला आले होते. साधारण २८ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, ३६ नंतर घेत नाहीत, जुळं असेल तर आणखी आधी थांबवतात. पट्टा पोटाच्या खाली, मांडीच्या सांध्यावर बांधायचा.

घाटमाथा
आणि विमानातच काही झालं तर? खाली तर समुद्र.

कातळ
२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात साधारण ६०४ उड्डाणांमागे एकदा कोणाची तरी तब्येत बिघडली असं आढळलं. त्यात एक तृतीयांशाहून जास्त लोकांना चक्कर किंवा घेरी आली होती. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार येतात, औषधांची पेटी असते, जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलता येतं. बऱ्याचदा प्रवाशांतही डॉक्टर असतो. सुरंगी, आई बीपीची गोळी घेते, म्हणून एकदम उठायचं नाही. आधी पाय हलवायचे, मिनिटभर ताठ बसायचं, मग खुर्चीला धरून उभं राहायचं.

पोफळी
मंडळी, मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. धागा वाचून काल बाबांना फोन करून सरळ विचारलं. दुसऱ्या वेळी परत आल्यावर त्यांचा डावा पाय महिनाभर सुजलेला होता. संध्याकाळी लुंगीत झाकून बसायचे. आम्हाला उगाच काळजी नको म्हणून आईलासुद्धा बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला दाखवायला नेतोय. सुरंगी, तुम्ही विचारलंत म्हणून मला हे कळलं.

तांडेल७१
पोफळी, नक्की न्या. बरं केलंत विचारून.

सुरंगी
सगळ्यांची खूप आभारी आहे. काय ठरलं ते सांगते.

गाडी रद्द केली. कणकवलीहून रात्रीच्या रेल्वेत खालचा बर्थ काढलाय, म्हणजे आडवं झोपून जाईल. मुंबईत मामाकडे दोन रात्री राहील, मग विमान. जागा मधल्या वाटेच्या कडेची घेतली, जास्तीचे पैसे भरून. कणकवलीच्या डॉक्टरांनी पावलांच्या नाड्या बघितल्या, ठीक आहेत, मोज्यांचं माप सकाळी सात वाजता घेतलं.

आईला सराव सुरू केलाय. भाकरी थापताना ओट्याशी उभी राहून टाचा वर-खाली करते. बसून पावलं पुढे-मागे करायचा व्यायाम ती "भात्याचा" म्हणते. माझ्या आजोबांचा लोहारभाता होता, तसं पाय चालवायचं.

सुरंगी
(पाच आठवड्यांनी)
आई पोचली, त्यालाही आता अकरा दिवस झाले. आज सवडीने लिहितेय.

तिच्या शेजारी नागपूरकडच्या एक बाई होत्या. तिने त्यांनाही उठवलं. दोघी दर तासा-दीड तासाने मागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहायच्या, तिथे पाणी मिळायचं. तिसऱ्या फेरीला एअर होस्टेसने ओळखून दोन ग्लास आधीच भरून ठेवले. पाय थोडे भरले होते, दोन्ही सारखे, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले. झोपेचं मात्र आठवडाभर बिघडलं होतं, रात्री दोनला उठून तांदूळ निवडत बसायची. बहिणीने सकाळी उन्हात फिरायला न्यायला सुरुवात केली तेव्हा ताळ्यावर आलं.

बाळ झालं. मुलगी. दोघी बऱ्या आहेत, आणि बहिणीला आई रोज अंगणात दहा फेऱ्या मारायला लावते.

दाभोळखाडी
माशाल्ला! नात कोणावर गेलीय?

पडवीतला_दवाखाना
अभिनंदन! अजून दोन-तीन आठवडे रोज दोन्ही पोटऱ्या एकमेकींशी ताडून बघायला सांगा. परतीचं तिकीट कधीचं?

सुरंगी
शिमग्याच्या आधीचं. नाक आईचं आहे, दाभोळखाडी.

तांडेल७१
येताना मुंबईहून त्याच दिवशी गाडीत बसवू नका. मामाकडे निदान एक रात्र, मग गावाला. मोजे जुने झाले असतील तर नवे घ्या, ताण गेलेले कामाचे नाहीत.

पोफळी
बाबांचा रिपोर्ट आला. जुनी गुठळी होती, विरून गेलीय, पण शिरेच्या झडपा खराब झाल्यात. आता मोजे कायमचे. चौथ्यांदा जायचं म्हणतायत, यावेळी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढणार.